तुळईवर कोरलेला आकडा

चाचांनी आमची खोली मोजली तेव्हा ती साडेअकरा टन भरली.

लग्नाला वर्ष व्हायच्या आत आम्ही चिंचवडला राहायला आलो होतो. पिंपरीला औषधांचा नवा कारखाना उभा राहिला होता आणि माझ्या नवऱ्याला तिथे फिटरची नोकरी लागली होती. तोवर मी रत्नागिरीकडचं आमचं खाडीकाठचं गाव सोडून कुठे राहिलेच नव्हते. पवना नदीपासून थोड्या अंतरावर एका शेतकऱ्याने जुना गोठा पाडून पाच खोल्यांची ओळ बांधली होती. चौथी खोली आमची. पाचवीत साठीला टेकलेले एक गृहस्थ एकटेच राहत. उजव्या पायाने लंगडत चालायचे. स्टेशनच्या रस्त्यावर त्यांच्या पुतण्याचं मोटारी दुरुस्त करायचं गॅरेज होतं, तिथे दिवसभर बसून ते सुटे भाग रॉकेलमध्ये धुऊन, पुसून ठेवायचे. सगळी आळी त्यांना चाचा म्हणे. पहिल्याच आठवड्यात ते मला "गो बाय, तुझी बादली नळाखाली वाहत्येय" असं म्हणाले आणि माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. घाटावर आल्यापासून खाडीकाठची बोली पहिल्यांदा कानावर पडत होती.

खोलीत फळी ठोकायची होती म्हणून नवऱ्याने त्यांच्याकडे टेप मागितली. ते स्वतःच घेऊन आले. चामड्याच्या गोल डबीतली लांबच लांब कापडी टेप होती, आकडे पुसट झालेले. फळीचं माप झाल्यावर त्यांनी कुणी न सांगता खोलीची लांबी घेतली, रुंदी घेतली, टेपेचं टोक काठीला बांधून आढ्यापर्यंतची उंची घेतली आणि ओठांतल्या ओठांत पुटपुटत म्हणाले, "साडेअकरा टन."

मला हसू आलं. "चाचा, खोलीचं वजन कसं काय करता?"

"वजन नाय बाय, जागा. जहाजाचा टन म्हणजे शंभर घनफूट जागा. जुन्या काळी जहाजात दारूची किती पिंपं मावतात त्यावरून जहाजाची ऐपत ठरवायचे, तिथून हा शब्द आला म्हणतात. पाच हजार टनी बोट म्हणजे पाच हजार टन जड असं नाय. तिच्या पोटात तेवढी पोकळी हाय."

मी फळी धरून उभी होते ती तशीच राहिले. माझे वडील आगबोटीवर खलाशी होते. रजेवर आले की अमुक हजार टनी बोट, तमुक हजार टनी बोट असं सांगायचे. लढाईत त्यांची बोट बुडाली, ते परत आले नाहीत. तेव्हा मी दहा वर्षांची होते, आणि माझ्या मनाने घेतलं होतं की इतके हजार टन वजन असल्यावर बोट तळाला जाणारच. हे मी कुणाजवळ बोलले नव्हते. त्या दिवशी चाचांजवळ बोलले.

ते खाली बसले. "बोट कुठली?"

"तेच ठाऊक नाही," मी म्हटलं.

खरंच ठाऊक नव्हतं. लढाईच्या दिवसांत पत्रात बोटीचं नाव लिहायला बंदी होती. लिहिलंच तर तपासणारे साहेब त्यावर काळी शाई फिरवत. पुढे आलेल्या सरकारी कागदातही एवढंच होतं की तुमचे पती ज्या जहाजावर कामाला होते ते शत्रूच्या कारवाईत बुडाले असून पतींचा ठावठिकाणा लागलेला नाही. तो कागद मास्तरांनी वाचून दाखवला. आईने 'ठावठिकाणा लागलेला नाही' एवढंच ऐकलं आणि कागद घडी करून ठेवून दिला. लढाई संपल्यावर मुंबईला जाऊन चौकशी करता आली असती. काकांनी दोनदा विचारलंही. आई नको म्हणाली. चौकशी केली की उत्तर येणार, आणि उत्तर काय येणार ते तिलाही कळत होतं.

त्याच वर्षी दिवाळीनंतर आई आमच्याकडे आली. राहायला म्हणून आली नव्हती, निघून आली होती. हरवलेल्या माणसाची बारा वर्षं वाट पाहायची आणि मग त्याचं क्रियाकर्म उरकायचं, असं आमच्याकडे मानतात. बारा वर्षं उलटून वर एक झालं होतं. काकांनी भटजींना विचारून दिवस धरला. आईने त्यांना एकच प्रश्न विचारला, "त्यांना गेलेलं कुणी बघितलंय?" दुसऱ्या दिवशी ती लुगड्याचं गाठोडं आणि वडिलांची नळी घेऊन एसटीत बसली.

नळी म्हणजे पत्र्याची झाकणवाली नळकांडी. खलाशी लोक आपले कामाचे दाखले गुंडाळून त्यात ठेवत, पाण्यापावसात भिजू नयेत म्हणून. वडिलांची ही नळी शेवटच्या खेपेला घरी राहिली होती. त्यांनी नवी केली होती म्हणे.

आई आली तेव्हा कपाळावर रुपयाएवढं कुंकू होतं. घरमालकीण दारात येऊन म्हणाली, "तुमचं मालक मागनं येनार व्हय?" आई म्हणाली, "हो, बोटीवर आहेत." मी चुलीकडे तोंड करून उभी राहिले.

चाचांशी आईचं बोलणं सुरू झालं ते सुक्या माशांवरून. आईने गावाहून सोडे आणले होते, ते वाटीभर मी शेजारी नेऊन दिले. त्या रविवारी दुपारी चाचा ओट्यावर बसून म्हणाले, "वहिनी, सोड्यांचं कालवण बरेच वर्षांनी पोटात गेलं." मग खाडी कुठली, बंदर कुठलं, कुणाच्या होड्या, अशी चौकशी झाली. आईने त्यांच्या पायाकडे बघून सरळ विचारलं, "हे कशानं?"

चाचा बोटीच्या इंजिनात तेलवाले होते. यंत्राच्या सांध्यासांध्यांत तेल घालत फिरायचं, हे काम. त्यांची बोटही लढाईत पाणबुडीने बुडवली होती. टॉर्पेडो लागला तेव्हा ते शिडीवर होते, शिडी तुटून पाय अडकला. इतर लोकांनी ओढून काढून होडीत टाकलं.

"पाणबुडी मी नंतर बघितली," ते म्हणाले. "आमची बोट बुडल्यावर ती वर आली. करड्या रंगाची, वीतभर उंच वाटायची पाण्यावर. तिच्यावर एक दाढीवाला साहेब उभा होता. आमच्या होडीकडे बघून त्याने इंग्रजीत विचारलं, बोटीचं नाव काय आणि टन किती. आमच्या सारंगाने, खलाशांच्या मुकादमाने, नाव सांगितलं. टन कुणालाच ठाऊक नव्हते. साहेबाने वहीत लिहून घेतलं. त्यांच्यात किती टन बुडवले त्यावर मान मिळतो, असं मागाहून समजलं. माणसं किती होती ते त्याने विचारलं नाय. पण एक खरं सांगतो, पावाची पिशवी टाकली आमच्याकडे आणि जमीन कुठल्या दिशेला ते हाताने दाखवलं. त्याच दिशेने गेलो म्हणून आज बसलोय."

पाय निकामी झाल्यावर इंजिनातलं काम सुटलं. मग मुंबईच्या गोदीत जहाजं मोजणाऱ्या साहेबांच्या हाताखाली टेप धरायची नोकरी मिळाली. ती त्यांनी आठ वर्षं केली. "होडीत बसून टन सांगता आले नव्हते," ते म्हणाले, "म्हणून ते काम मी नीट शिकून घेतलं."

आई उठून आत गेली आणि नळी घेऊन आली. माझ्या लक्षात आहे, तिने ती मला दिली नाही, चाचांच्या हातात दिली. दाखले चाचांनी वाचले, ते सगळे आधीच्या बोटींचे होते; तळाशी आईने ठेवलेलं वडिलांचं शेवटचं पत्र होतं. चाचांना मराठी अक्षर लागत नसे, म्हणून मी वाचलं. बोटीच्या नावावर काळी शाई होतीच. बाकी घरचंच होतं. माडांना पाणी घाला, पोरीला शाळेतून काढू नका. आणि मग राहायच्या खोलीबद्दल चार ओळी. 'आमच्या खोलीला मागचं एक कोळशाचं कोठार जोडलेलं आहे. भिंतीला पाठ लागली की सदरा अजून काळा होतो. दारावरच्या लोखंडी तुळईत आधी वीस माणसांचा आकडा कोरला होता, तो छिन्नीने खोडून खाली अठ्ठावीस कोरला आहे.'

"थांब," चाचा म्हणाले. "ते परत वाच."

मी परत वाचलं. त्यांनी तिसऱ्यांदा वाचायला लावलं. मग बराच वेळ टाचेने ओट्याची माती उकरत बसले.

"वहिनी, खलाशांच्या निजायच्या खोल्या जहाजाच्या मापातून वजा करतात. त्या जागेवर मालकाला बंदराचा कर पडत नाय. म्हणून ती जागा खलाशांचीच हाय, किती जणांची हाय, हे दारावर कोरून ठेवावं लागतं. आणि खोली वाढवली की साहेबाला बोलवून पुन्हा मोजणी होते, जुना आकडा खोडतात, नवा कोरतात. ते मोजणीच्या वहीत लिहिलं जातं. मुंबईत झालं असलं तर मुंबईच्या वहीत असणार."

मी विचारलं, "म्हणजे बोट सापडेल?"

"सापडेल असं म्हणत नाय. वही असेल, एवढं म्हणतो." मग त्यांनी आईकडे बघितलं. "पण वहिनी, तुम्ही सांगाल तर जातो. नाय म्हणाल तर हे पत्र मी ऐकलंच नाय."

तेरा वर्षांत कुणी तिला असं विचारलं नव्हतं. सगळे करू या म्हणत, झालं पाहिजे म्हणत. तिसऱ्या दिवशी सकाळी आईने चाचांच्या दारात जाऊन भाकरीचं फडकं ठेवलं आणि म्हणाली, "गाडीत खायला होतील."

चार दिवसांनी चाचा परत आले. वह्या ठेवणारा त्यांच्या वेळचा कारकून अजून तिथेच होता. दोघांनी मिळून लढाईआधीच्या सहा वर्षांच्या वह्या चाळल्या होत्या. कोठार जोडून खोली वाढवलेल्या बोटी चार निघाल्या. विसाचे अठ्ठावीस झालेल्या दोनच. त्यातली एक लढाईआधीच मोडीत निघाली होती. दुसरी पाणबुडीने बुडवली. चाचांनी कागदावर लिहून आणलेलं नाव आईला वाचून दाखवलं. ते इंग्रजी नाव आईला उच्चारता येईना. तिने तीनदा प्रयत्न केला आणि चौथ्यांदा बऱ्यापैकी जमलं. मी जन्मभर ते नाव विसरले नाही, पण इथे लिहीत नाही. ते आमच्या घरातलं आहे.

"त्या बोटीवरचे काही लोक वाचलेत," चाचा म्हणाले. "आपल्याकडच्या खलाशांच्या उतरायच्या खोल्या आहेत मुंबईत, गावागावाच्या. तिथे निरोप ठेवलाय."

सव्वा महिन्याने, एका रविवारी, ते एका माणसाला घेऊन आले. पंचेचाळिशीचा, काळा, रुंद हाडाचा माणूस होता. आमच्या खाडीच्या पलीकडच्या काठाचाच. गोदीत रंगकाम करायचा, नखांच्या कडांना तांबडा रंग होता. आत यायला तयार होईना. शेवटी उंबऱ्याला लागून बसला आणि मान खाली घालून बोलायला लागला.

"दुपारची जेवणं चालली होती. धडाका झाला आणि बोट एका अंगाला कलली. होडी सोडताना कप्पी तुटून वहिनींच्या मालकांच्या छातीवर बसली. तरी ते होडीत आले. सुकाणू त्यांनीच धरलं. आमच्यात वारा कळणारा दुसरा कोण नव्हता. शीड लावून चार दिवस त्यांनी होडी चालवली. पाचव्या दिवशी सकाळी सुकाणू माझ्याकडे दिलं आणि आडवे झाले."

आईने विचारलं, "पाणी होतं?"

"होतं. थोडं होतं, पण त्यांना दिलं."

"जवळ कोण होतं?"

"माझ्याच मांडीवर डोकं होतं वहिनी. मी रामाचं नाव घेतलं. आमच्यातल्या एका मुसलमान भावाने त्याची दुवा म्हटली. मग शिडाच्या कापडात गुंडाळून पाण्यात सोडलं. त्यानंतर तिसऱ्या दिवशी आम्हाला एका बोटीने उचललं. आठजण होतो."

त्या माणसाने अंगठ्याने नखाचा रंग खरवडला. "त्यांनी निरोप दिला होता. घरी सांग म्हणाले, वाट बघू नका."

माझ्या अंगाचा जाळ झाला. "तेरा वर्षं झाली," मी म्हटलं. "तेरा वर्षं हा निरोप तुम्ही खिशात घेऊन फिरलात?"

"मी आलो होतो," तो म्हणाला. "पुढच्याच मे महिन्यात. तुमच्या वाडीपर्यंत आलो होतो. वहिनी विहिरीवर होत्या. कपाळाला मळवट, हातात भरगच्च चुडा. शेजारणीशी काहीतरी बोलून हसत होत्या. माझे पाय पुढे गेले नाहीत. वाटलं, आज नको, उद्या सांगू. खाडीच्या तरीत बसून परत गेलो. मग जहाज मिळालं. मग दरवर्षी वाटायचं, आता काय तोंड घेऊन जाऊ."

तो रडत होता. मला त्याची दया आली नाही, हे कबूल केलं पाहिजे. मी आणखी काही बोलणार, तेवढ्यात आईने माझ्या हाताला धरलं.

"त्यांना बोलू नकोस," ती म्हणाली. मग त्याच्याकडे वळली. "भाऊ, त्या दिवशी तुम्ही सांगितलं असतं तर मी तेव्हाच आतल्या खोलीत गेले असते. ही दहा वर्षांची होती. हिचं शिक्षण, हिचं लग्न, सगळं मी सवाशीण म्हणून पुढे होऊन केलं. दिराने जमीन मागितली तेव्हा ते आल्यावर बघू असं ताठ मानेने सांगितलं. तुम्ही परत फिरलात म्हणून मला एवढी वर्षं मिळाली. आणि आज तुम्ही आलात, म्हणून मला हेही कळलं की ते एकटे नव्हते. दोन्ही तुमचंच." मग नेहमीच्या आवाजात विचारलं, "जेवलात का?"

तो जेवला. चाचाही जेवले. आईने दोघांना वाढलं, आग्रह केला. माझ्या हातून भाकरी करपत होती तर ती तव्यापुढून मला उठवून स्वतः बसली.

क्रियाकर्म पवनेच्या घाटावर झालं. काका गावाहून आले. तिने कुणाला बोलावलं तर फक्त त्यांना, चाचांना आणि त्या खलाशाला. कुंकू तिने त्या सकाळी नेहमीसारखं लावलं होतं. नदीवर पोचल्यावर खाली वाकून ओंजळ भरली आणि स्वतःच्या हाताने पुसलं. बांगड्या काढून माझ्या हातात दिल्या, फोडू दिल्या नाहीत. घरमालकीण लांबून बघत होती. संध्याकाळी तिने दूध आणून दिलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाली, "तुजी आई लई धीराची हाय. आमी न्हाई पाह्यली अशी बाई." बोटीवरच्या मालकाची तिने कधी चौकशी केली नाही.

मला वाटलं होतं आई आता खचेल. झालं उलटंच. खाडीच्या दिशेने कान लावून बसायचं तिचं काम सुटलं होतं. फाल्गुनात कारखान्यात औषधाच्या शिश्या धुवायला आणि तपासायला बायका घेणार असं माझ्या नवऱ्याने सांगितलं, तर ती म्हणाली, "माझं नाव घाला." आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. वयाची अडचण आली, पण देखरेखीवरची बाई तिची नजर तपासायला म्हणून तिला दहा शिश्या देऊन बसली, आणि आईने त्यातली केसाएवढा तडा गेलेली शिशी पहिल्या झटक्यात बाजूला काढली. पांढरा अंगरखा, डोक्याला पांढरं फडकं, अशा वेषात ती पहिल्या दिवशी घरी आली तेव्हा चाचा ओट्यावर होते. ते उठून उभे राहिले. आई लाजली. तिला लाजताना मी तेवढंच पाहिलं. चौदा वर्षं तिने ती नोकरी केली.

चाचांचे आभार मानायचा मी एकदा प्रयत्न केला होता. माझी मुलगी तेव्हा पोटात होती. मी म्हटलं, "चाचा, तुम्ही नसता तर." त्यांनी मला पुढे बोलूच दिलं नाही. "बाय, कोठार जोडलेलं तुझ्या बापाने बघितलं, लिहून ठेवलं. मी वही उघडली." एवढं बोलून ते गॅरेजला निघून गेले. खरं पाहता त्यांना स्वतःला होडीत घालवलेले दिवस आठवायला आवडत नसे. आमच्यासाठी ते पुन्हा गोदीत गेले, बुडालेल्या बोटींच्या वह्या उघडून बसले. त्यात त्यांची बोटही असणारच. ती त्यांनी पाहिली का, हे विचारायचं मला फार उशिरा सुचलं.

डोळे अधू झाल्यावर पुतण्याने त्यांना गावी पोचवलं. पुढे तीनेक वर्षांनी आई आणि मी त्यांना भेटायला गेलो. घर खाडीला लागूनच होतं. त्यांना दिसत नव्हतं. मी बोलले तर मला ओळखलं नाही, आणि आईने नुसतं "चाचा" म्हटलं तर "वहिनी, बसा" म्हणाले. त्यांच्या भावाची सून चहा करायला गेली. आई त्यांच्याजवळ चटईवर बसली आणि दोघं भरतीच्या वेळा, कालवांचा मोसम, कुणाची होडी कुणी विकत घेतली, असलं बोलत राहिली. शेवटची एसटी सुटायची वेळ झाली, मी दोनदा दारात जाऊन आले. आईला हाक मारावी असं काही मला वाटेना. आम्ही त्या रात्री तिथेच राहिलो.